गाडीला आधी पाणी

धूर न सोडणाऱ्या गाडीचं दुखणं कसं ओळखायचं, हे काळूरामला कुणी शिकवलंच नव्हतं. जुन्या गाड्यांचं बरं होतं. काळा धूर आला की डिझेल जास्त जातंय, निळा आला की ऑइल जळतंय, पांढरा आला आणि थांबेचना की गॅस्केट उडालंय. गाडी वसईजवळच्या गोखिवऱ्याच्या नाक्यावरून वळली, की हा पठ्ठ्या पत्र्याच्या शेडमधून, हातातला चहा खाली न ठेवता सांगायचा, नोझल काढावं लागणार. लोकांना जादू वाटायची. जादूबिदू कसली हो! जन्मभर धूर खाल्ला होता त्याने, दुसरं काय.

मग ह्या नव्या गाड्या आल्या, बीएस-सिक्स. सायलेन्सरच्या तोंडाला पांढरा रुमाल धरा, रुमाल पांढराच राहतो. बिघडली तरी तिचं तोंड बंद. समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागतो, बस्स. तो का लागला हे कळायला मशीन लावायचं, मशीन इंग्रजीत एक आकडा दाखवणार, मग त्या आकड्याचा अर्थ मोबाइलवर शोधायचा. काळूरामने झक मारून तेही मशीन घेतलं. चष्मा कपाळावरून खाली ओढून तो त्यात बघायचा आणि म्हणायचा, "पूर्वी गाडी माझ्याशी बोलायची. आता वकिलामार्फत बोलते."

तर अशी एक गाडी त्याच्या शेडमध्ये तिसऱ्यांदा येऊन उभी राहिली होती. उमेळ्याच्या जितेशचा पिकअप. आणि आल्या आल्या जितेशने सांगून टाकलं होतं, "काळूकाका, ही लास्ट टाइम. आता नाही झाली तर मी विकून मोकळा होणार. भाड्याचा टेम्पो लावीन, पण ही कटकट अंगणात नको."

विकून मोकळा होणार म्हणे! काळूरामने हातातला पाना खाली ठेवला. त्याला पिकअपचं काही पडलं नव्हतं, असे पिकअप छप्पन्न येतात आणि जातात. पण त्या अंगणात सुधाकरदादा बसतात, जितेशचे वडील. त्या अंगणात गाडी नाही असा दिवस काळूरामने पाहिला नव्हता, आणि त्याला तो दादांनाही दाखवायचा नव्हता.

आता हे सुधाकरदादा कोण, ते सांगायला पाहिजे.

काळूराम जूचंद्र गावचा. त्याचं घरच मिठागरावर राबणारं. बाप मीठ ओढायचा, आई टोपल्या वाहायची, आणि सगळ्यांच्या टाचांना भेगा, त्या भेगांत मीठ. रात्रीच्या भाकरीला हाताचं मीठ लागायचं, वरून घालायची गरज नाही. विशीच्या आत काळूरामने ठरवलं, मरेन पण ह्या मिठात पाय घालणार नाही. आणि तो उठला तो सुधाकरदादांच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून चढला. दादा तेव्हा उमेळ्याच्या वाड्यांतली भाजी, केळी, फुलं, काय मिळेल ते भरून दूरदूर न्यायचे. मिशी अशी की समोरचा ट्रकवाला आपणहून बाजू द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात कामणच्या रस्त्यावर टेम्पोचा रेडिएटर उकळला. सकाळी पाणी बघायचं काम काळूरामचं, आणि हा शहाणा विसरला होता. दादांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि ह्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग स्वतःच ओढ्यावरून पाणी आणलं, इंजिन निवेपर्यंत त्याला शेजारी बसवलं, आपल्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून दिली. "काळ्या," ते म्हणाले, "गाडी बोलत नाय. पन तहान तिला लागते. सकाळी उठला की आधी गाडीला पानी, मंग आपला चहा. येवढं शिकलास तरी पोट भरशील."

काळूराम एवढं शिकला, आणि बाकीचं आपोआप मागून आलं. पुढे तो मेकॅनिक झाला, गोखिवऱ्यात शेड टाकली, लग्न झालं, मुली उजवल्या. पण मुहूर्ताला नारळ फोडायला दादा, आणि शेडमध्ये पहिली गाडी लागली तीही दादांचीच. आणि त्या गाडीला रोज सकाळी पाणी जायचं ते दादांच्या विहिरीचं. उमेळ्याची ती विहीर! तिच्या पाण्याची काय ऐट होती सांगू. बॅटरीत घालायला बाटलीतलं पाणी विकत घेतात, ते दादांना हास्यास्पद वाटायचं. आमच्या विहिरीचं घाला, ते म्हणायचे, बॅटरी नातवंडं बघेल.

तेच दादा आता घरी बसलेले. मोतीबिंदू काढला तरी एका डोळ्याला अंधुकच दिसायचं. गेल्या वर्षी नायगावच्या फाटकाजवळ त्यांनी पिकअप रिक्षेला घासला. कुणाला लागलं नाही, पण जितेशने चारचौघांत किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, "बाबा, गाडीला परत हात लावायचा नाही." दादा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सून रचना काळूरामला बोलावून घेऊन गेली, तेव्हा ह्याच्या हातचा घास त्यांनी कसाबसा घेतला. जितेश वाईट पोरगा नाही हो. पण त्याच्या जिभेला हाड नाही.

म्हणून गाडी अंगणात राहिली पाहिजे. चालवायला नाही तर नाही, बघायला तरी.

आणि ती गाडी तर काळूरामच्या हाताला लागत नव्हती!

दुखणं असं होतं. ह्या पिकअपला टाक्या दोन. एक डिझेलची, आणि तिच्या शेजारी एक छोटी, निळ्या झाकणाची. त्या छोटीत युरियाचं तयार पाणी भरायचं, ते सीलबंद कॅनमध्ये मिळतं. चालत्या गाडीत ते थोडं थोडं सायलेन्सरमध्ये फवारलं जातं, तिथे आत एक जाळीदार भांडं असतं, त्यात धुराचं विष मरतं. त्या भांड्याला सगळे कॅट म्हणतात. फवारा नीट झाला नाही की आधी दिवा, मग गाडी धमकी देणार, आणि तरी नाही ऐकलंत तर ती रुसणार. जितेशची गाडी रुसली होती. पाय कितीही दाबा, बैलगाडीच्या वर जायला तयार नाही. भाजी भरलेली, मागून हॉर्नचा कल्ला, आणि हा पोरगा स्टिअरिंगवर डोकं आपटतोय.

"आणि एक सांगू का काका," जितेश पहिल्याच वेळी म्हणाला होता, "ही युरिया पीतच नाही. पूर्वी कॅन लागायचे. आता काटा बघतो तर टाकी फुल. भरायलाच लागत नाही."

झालं! काळूरामने मांडी थोपटली. युरिया संपत नाही म्हणजे फवाराच उडत नाही. फवारा उडत नाही म्हणजे नोझल तुंबलंय. सरळ हिशेब. त्याने नोझल काढलं, तोंडाशी पांढरे खडे जमलेले होतेच, गरम पाण्याने साफ केलं, बसवलं. मशीनने दिवा घालवला. चार दिवसांनी दिवा हजर. दुसऱ्या वेळी त्याने पंप उघडला, पाइप फुंकले, वायरी एकेक करून तपासल्या, कारण खाडीकाठच्या गावात उंदीर वायरींवर ताव मारतात. एकही वायर कुरतडलेली नव्हती. नोझल बादलीत धरून फवारा उडवून बघितला. छान उडत होता! म्हणजे गाडी युरिया पीत होती. मग टाकी भरलेली कशी?

मधल्या काळात जितेश मोठ्या सर्व्हिस सेंटरलाही जाऊन आला. तिथल्या इस्त्रीच्या शर्टवाल्याने मशीन लावलं आणि सांगितलं, भेसळीचा युरिया वापरलाय, कॅट खराब झाला, वॉरंटी विसरा. जितेश तिथून तडक गेला तो ज्युलियसच्या दुकानात. ज्युलियस म्हणजे वसईतला स्पेअर पार्टवाला, कॅन त्याच्याकडचेच. भर दुकानात जितेशने त्याला चोर म्हटलं. ज्युलियस पापभीरू माणूस, रविवारची मिस्सा न चुकवणारा.

आता तिसऱ्या वेळी काळूरामच ज्युलियसकडे गेला. ज्युलियसने त्याच्यापुढे एक नवा कॅन आदळला आणि त्यावर एक बोटभर नळी ठेवली. ह्या नळीच्या काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत रेघ दिसते, ती खुणेवर असली की युरिया बरोबर.

"फोड सील," ज्युलियस म्हणाला. "तुझ्या हाताने फोड. चोर म्हणाला मला तो. माझ्या बायकोसमोर."

काळूरामने सील फोडलं, थेंब टाकला. रेघ बरोब्बर खुणेवर. मग त्याने जितेशच्या टाकीतून बाटलीत काढून आणलेला थेंब टाकला. रेघ पार तळाला. त्याने पुन्हा पुसून पुन्हा टाकला. पुन्हा तळाला.

"हे तर पाणीच आहे," तो म्हणाला.

"मग पाणी मी घातलं का?" ज्युलियस ओरडला. काळूरामने हात जोडले आणि नळी मागून घेऊन आला.

शेडमध्ये परत येऊन तो पिकअपच्या बाजूला उकिडवा बसला. निळं झाकण उघडलं. तोंडाच्या कडेला, झाकणाच्या आट्यांत, खाली ओघळलेल्या जागी पांढरं पांढरं साचलं होतं. ते त्याने पहिल्या दिवसापासून बघितलं होतं. युरिया सांडला की वाळून असाच पांढरा होतो, त्यात बघायचं काय! पण आता घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नव्हतं, मशीन झालं, नळी झाली, सगळे उपाय संपले होते. मग माणूस काय करतो? लहानपणी करायचा तेच. काळूरामने नखाने तो पांढरा खपला उचकटला आणि जिभेवर ठेवला.

युरिया असता तर कडवट आणि गार लागला असता.

मीठ होतं. मिठागरात वाढलेल्या माणसाला त्यात शंका नको. ज्या चवीपासून पळून तो गोखिवऱ्यापर्यंत आला होता, ती चव पिकअपच्या निळ्या झाकणात बसलेली. त्याने थुंकून टाकलं, चूळ भरली, आणि जितेशला शिव्या घातल्या. नक्कीच ह्याने पैसे वाचवायला कॅनमध्ये पाणी मिसळलं, आणि वर ज्युलियसला चोर ठरवतो. गाढव लेकाचा! उद्या सकाळी घरी जाऊनच ह्याचे कान उपटतो.

जितेशने संध्याकाळी गाडी तशीच रखडत घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काळूराम उमेळ्याला पोचला तेव्हा नुकतं उजाडत होतं. वाटेवर पूर्वी केळीच्या बागा होत्या, आता दोन्ही बाजूंना इमारती, त्यांच्या बोअरिंगच्या मोटारी घरघरत होत्या. दाराशीच रचना भेटली. ती टँकरच्या पाण्याचे ड्रम झाकत होती.

"काका, एवढ्या सकाळी? हे झोपलेत अजून."

"झोपू दे त्याला. पाणी टँकरचं का घेता गं? विहीर आटली?"

"आटली नाही हो. मचूळ झालीय, कधीचीच. ह्या बिल्डिंगांनी बोअर मारले तशी खाडी आत आली. भांडीसुद्धा घासत नाही मी, डाग पडतात. बाबांना बोलू नका मात्र. त्यांना सांगितलं की चिडतात, म्हणतात विहीर गोड आहे, तुम्हाला नखरे सुचतात. आम्ही आपलं त्यांना पिण्याचं म्हणून जारचं देतो, त्यांना वाटतं विहिरीचंच."

काळूरामच्या डोक्यात अजूनही प्रकाश पडला नाही. नाहीच पडला. माणूस आपल्याला नको असलेलं लवकर समजून घेत नाही. तो घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेला आणि जागीच थांबला.

सुधाकरदादा विहिरीवरून येत होते. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, हातात तो जुना पितळी तांब्या, घासूनपुसून लख्ख. एक हात भिंतीला धरून, पाय चाचपत. पिकअपजवळ आले. बॉनेटला हात लावून तो हात छातीला लावला. मग चाचपत चाचपत बाजूला गेले, निळं झाकण फिरवून काढलं, आणि तांब्या वाकडा केला. थोडं आत गेलं, थोडं कडेने ओघळलं. झाकण लावलं, धोतराच्या सोग्याने ओघळ पुसायला गेले, पण दिसलं नाही म्हणून भलतीकडेच पुसलं.

काळूरामने शेजारच्या शेवग्याचा बुंधा धरला.

"कोन?" दादा वळले. "काळ्या हायस का? तुझ्या चपला ओळखतो मी." त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी घराकडे बघून आवाज खाली आणला. "ये. बघितलंस ना? कोनाला बोलू नको. जितेश ओरडतो, गाडीला हात लावायचा नाय. रेडिएटरला तर नायच, त्यात म्हने कूलंट असतं, पानी चालत नाय. अरे, पानी न पिनारी गाडी असते का कुठं? मी शोधून काढलं. ह्या निळ्यातून जातं पानी. तो एकदा कॅनमधून वतत होता, मी इचारलं, हे काय? बोलला, युरियाचं पानी. म्हटलं, पानी ना! मंग ते इकत कशाला? आपली विहीर हाय की."

"कधीपासून, दादा?" काळूरामने विचारलं.

"दिवाळीपासून. रोज सकाळी, एक दिवस चुकवला नाय. जितेशला पत्ताबी नाय. त्याला वाटतं गाडी आपली आपन चालते." दादा हसले. मग हसू मावळलं. त्यांनी काळूरामचं मनगट धरलं. "काळ्या, खरं सांग. गाडीला काय झालंय? रातचा तो रचनाला सांगत होता, इकतो म्हनून. नको रे. अंगन मोकळं झालं तर सकाळी उठून मी काय करू? तू कर काहीतरी. तू केलंस तर होईल."

बोल ना आता! हीच वेळ होती. काळूरामने तोंड उघडलं. दादा, तुमच्या पाण्याने गाडी मेली, एवढंच म्हणायचं होतं. दादा, तुमची विहीर खारी झालीय आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्ही सोडून. त्या मनगटावरच्या हाताकडे त्याने बघितलं. ह्याच हाताने एकदा कानाखाली वाजली होती, आणि ह्याच हाताने भाकरी मोडली होती.

"होईल, दादा," तो म्हणाला. "गाडी कुठे जात नाही."

आणि मग दिवसभर तो शेडमध्ये नुसता बसून राहिला. गिऱ्हाइकं आली, त्यांना उद्या या म्हणाला. जितेशला खरं सांगावं, तर गाडी राहील, पण दादांचं काय होईल? हा पोरगा चारचौघांत बोलणार, बाबा, तुम्ही गाडी मारलीत. त्यांच्या ताटातलं अन्न पुन्हा सुटेल, आणि ह्या वेळी काळूरामच्या हातचाही घास ते घेणार नाहीत. खरं नाही सांगावं, तर नवा कॅट बसवला तरी उद्या सकाळी तांब्या पुन्हा हजर. दादांनाच सांगावं, तर ते तोंड कुठून आणायचं? कुठूनही धरलं तरी हातात काटाच येत होता. तीस इंजिनं खोलून बसवावीत पण हे नको, असं झालं त्याला. एकदा तर डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते ऑइलच्या फडक्याने पुसलं, मग डोळे चुरचुरत बसले ते वेगळंच.

संध्याकाळी जितेश आला. काळूराम उभा राहिला.

"सापडलं," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

"म्हणजे?"

"दिवाळीच्या आधी पाइप गळत होता, टाकी उतरवली होती मी, आठवतंय? ती बोअरिंगच्या पाण्याने धुतली. खारं पाणी. नीट निथळली नाही, पाणी आत राहिलं. मिठाने काटा अडकला, म्हणून टाकी फुल दिसायची. त्यानेच सगळं झालं. ज्युलियसचा काही दोष नाही, त्याची माफी माग. कॅट नवा टाकावा लागेल. त्याचा खर्च मी..."

"काका, तुम्ही?" जितेश बघतच राहिला. "सगळी वसई फिरवलीत मला! तुम्ही धुतलेली टाकी, आणि नोझल खोला, पंप खोला..." पुढचं तो बोलला ते इथे सांगण्यात अर्थ नाही. शेडच्या बाहेर चहावाला थांबून ऐकत होता, समोरच्या वेल्डरने काम बंद केलं. काळूरामने मान खाली घालून सगळं घेतलं. शेवटी जितेश म्हणाला, "पैसे राहू देत तुमच्याकडे, मी बघतो. फक्त आता माझ्या गाडीला परत हात लावू नका."

काळूरामने मान डोलावली. मग खिशातून एक झाकण काढून पुढे केलं, काळं, चावीचं. "एवढं बसव. निळं काढून टाक. किल्ली तुझ्या खिशात ठेव, कुणाला देऊ नकोस, मेकॅनिकलासुद्धा. टाकीत तूच भरायचं."

जितेशने ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं, पण घेतलं.

गाडी दुसरीकडे गेली, नवा कॅट बसला, दिवा गेला. काळूरामला हे चहावाल्याकडून कळलं. गोखिवऱ्यात आणखीही काही कळत गेलं, म्हणजे काळूराम म्हातारा झाला, टाकीत खारं पाणी ठेवतो. दोन जुनी गिऱ्हाइकं परस्पर पुढच्या गॅरेजला वळली. त्याला वाईट वाटलं, खूप वाटलं, खोटं कशाला बोलायचं? पण तो मनाशी म्हणायचा, गाडी अंगणात आहे ना, मग झालं तर.

मग एका सकाळी रचनाचा फोन आला. "काका, बाबा तुम्हाला बोलावतायत. काही सांगत नाहीत. दोन दिवस ओट्यावर नुसते बसून आहेत."

दादा मागच्या ओट्यावर बसले होते. पिकअप समोर उभा होता, धुतलेला. तांब्या दादांच्या शेजारी होता, काठोकाठ भरलेला.

"बस," दादा म्हणाले. हा बसला. "ते कुलूप कोनी लावलं?"

"जितेशने."

"त्याला कोनी सांगितलं?"

"युरिया चोरतात हल्ली, दादा. गाड्यांमधून. म्हणून..."

"उमेळ्यात? माझ्या अंगनातून?" दादा त्याच्याकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते. "जितेश बोलला, काळूकाकाने चूक कबूल केली. टाकीत खारं पानी ठेवलं. मी म्हटलं, काळ्या? ज्याला मी शिकवला तो? तो टाकी उलटी करून, रातभर सुकवून मंगच बसवील. तू ठेवलंस पानी?"

"ठेवलं, दादा. वय झालं माझंपण."

"काळ्या."

समोरच्या बिल्डिंगची मोटार घरघरत होती.

"त्या दिवशी मी तुलाच सांगितलं होतं," दादा हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्या कोनाला नाय. आनि कुलूप लागलं." त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला. पाणी काठावरून मांडीवर सांडलं. "पन मला एक सांग. आपल्या पान्याने गाडी कशी मरेल? आपलं पानी गोड हाय. खारं असतं तर तू मला सांगितलं असतंस, नाय का? तुझ्याएवढं खारं कोनाला कळतं? घे. पी, आनि सांग."

काळूरामने तांब्या घेतला. दादांचा एक बरा डोळा त्याच्या तोंडावर रोखलेला होता, मिशी तशीच, फक्त आता पांढरी. त्याने तांब्या तोंडाला लावला. जिभेवर मीठ आलं, घशात मीठ गेलं. पण त्याने चेहरा हलू दिला नाही. अर्धा तांब्या तो एका दमात प्यायला.

"गोड आहे, दादा," तो म्हणाला.

दादांनी हात पुढे केला आणि तांब्या त्याच्याकडून घेतला. उरलेलं पाणी ते सावकाश, घोट घोट करून प्यायले. पहिल्या घोटाला त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि तिथेच अडकली. मग खाली आली. शेवटचा थेंब संपेपर्यंत ते थांबले नाहीत. संपल्यावर त्यांनी मिशी पुसली, मग डोळे पुसले.

"हां," ते म्हणाले. "गोड हाय."

त्यांनी तांब्या ओट्यावर पालथा घातला, काळूरामच्या खांद्यावर हात टेकून उठले, आणि भिंत धरून घरात गेले.